ये, पन पाहू नको

फोन सकाळी सव्वानऊला आला. नंबर ओळखीचा नव्हता. “भाऊ, मी शेवंता बोलून राह्यली, हिंगनघाटहून. काकू गेल्या.” मी विचारलं, किती वाजता? कुठे? जवळ कोण होतं? नागपूरच्या एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला आधी हेच तीन प्रश्न सुचतात. त्याची लाज फोन ठेवल्यावर वाटली. शेवंतानं तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरं दिली. पहाटे छातीत दुखायला लागलं, काकूंनी स्वतः तिला फोन केला, ती दोन गल्ल्या ओलांडून धावत आली, रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्यात पोचेपर्यंत जीव होता, नंतर नव्हता. मग मी न विचारलेली एक गोष्ट तिनं आपणहून सांगितली. “स्ट्रेचर सरळ आत गेलं, भाऊ. कुठीच अडकलं नाई.”

तिऱ्हाइताला हे वाक्य विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. काकू म्हणजे विमलताई, माझी सख्खी थोरली बहीण. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत तिच्या घरात स्ट्रेचरच काय, हात पसरून माणूसही आत गेला नसता. शेवंता हे जाणून होती, कारण ती वाट तिनं आणि ताईनं मिळून मोकळी केली होती. मी जाणून होतो, कारण त्या कामासाठी ताईनं पहिल्यांदा हाक मारली होती ती मला.

भाऊजींचं हिंगणघाटला कापडाचं दुकान होतं. साड्या, कटपीस, लग्नसराईत आहेराचे कपडे. मूलबाळ नव्हतं, दुपारनंतर ताई गादीवर येऊन बसायची. साडीची घडी घालावी तर तिनंच. गिऱ्हाईक वीस साड्या उलगडून, नाक मुरडून निघून गेलं तरी ती हूं की चूं न करता पुन्हा वीस घड्या घालायची, आणि काठाला काठ असा जुळायचा की साडी उघडलीच नव्हती असं वाटावं. दुकानात एक रिवाज होता. खेड्यावरची बाई एखादा कपडा पसंत करून म्हणायची, “पुढच्या बाजाराले नेतो, ठेवजा.” ताई त्यात नावाची आणि गावाची चिठ्ठी खोचून तो वेगळ्या फळीवर ठेवायची. काही बायका पुढच्या बाजाराला यायच्या, काही वर्षानं, काही कधीच नाही. चिठ्ठी खोचलेला कपडा मात्र ताईनं दुसऱ्याला कधी विकला नाही. भाऊजी चिडवायचे, “हे दुकान आहे का देऊळ?”

भाऊजी गेले. दुकानाची जागा भाड्याची होती, ती सोडावी लागली. चालू माल एका व्यापाऱ्यानं उचलला. जुना माल, चिठ्ठ्यांची फळी, लाकडी कपाटं, मापाची पट्टी, परवान्याची काचेची चौकट, हे सगळं दोन हातगाड्यांवर घरी आलं. घर तीन खोल्यांचं. ‘दिवाळीपर्यंत लावते,’ असं ताई म्हणाली होती. दिवाळी झाली. मी भाऊबीजेला गेलो तर तिनं ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून ठेवलेली. “आत पसारा आहे रे, मधू. इथंच बस, हवा चांगली आहे.” दर वर्षी मी पाटावर बसायचो; त्या वर्षी खुर्चीवर बसलो. तिनं ओट्यावरच ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं. समोरून जाणारे वळून पाहत होते आणि आम्ही दोघं वाऱ्याबद्दल बोलत होतो.

असं चार दिवाळ्या चाललं. दरवर्षी दार थोडं आणखी कमी उघडायचं. तिसऱ्या वर्षी तर ती अंग आडवं करून बाहेर आली आणि पदराला दाराची कडी अडकली. मी सोडवली. सोडवताना आतलं दिसलं. छातीच्या उंचीपर्यंत गठ्ठे, त्यांच्या मधून बोळीसारखी वाट, आणि एका भिंतीला छतापर्यंत वर्तमानपत्रं. मी पाहिलं हे तिनं पाहिलं. मी म्हणालो, “चिवडा मस्त झालाय.” खोलवर चौकशी करण्याचा पगार घेणाऱ्या माणसानं आपल्या बहिणीच्या दारात विचारलेला हा एवढाच प्रश्न... तोही प्रश्न नव्हताच. मला वाईट वाटलं असं आज म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला अवघडल्यासारखं झालं होतं, आणि ओट्यावर बसलेला मी लोकांना दिसतोय याचा राग आला होता.

पाचव्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. आधी आंब्यांचं बोलली, मग उन्हाचं. मग म्हणाली, “मधू, तू दोन दिवस येशील काय? मले थोडं आवराचं आहे. एकटीच्यानं होऊन नाई राह्यलं.” या तीन वाक्यांसाठी तिला चार वर्षं लागली होती, हे मला तेव्हा कळलं नाही. दुकानातल्या घडीसाठी जिचं नाव निघायचं, त्या बाईला स्वतःचं घर आवरत नाही हे म्हणायचं होतं, आणि ते तिनं म्हटलं होतं. मी म्हणालो, “तू कशाला त्रास घेतेस? मी माणसं पाठवतो. एका दिवसात मोकळं.” ती म्हणाली, “माणसं नको. तू ये.” मी हो म्हणालो आणि माणसं पाठवली.

डेस्कवरचं माझं काम कापण्याचं. बातमीदार आठशे शब्द पाठवतो, जागा तीनशेची असते. काय राहील, काय जाईल हे भरभर ठरवायचं, लिहिणाऱ्याला विचारत बसायचं नाही. या कामात माझा हात चांगला आहे असं लोक म्हणत. घराचंही तसंच असतं असं मी धरून चाललो. हिंगणघाटच्याच एका टेम्पोवाल्याचा नंबर मिळवला. त्याला सांगितलं, “म्हातारी नको नको म्हणेल, लक्ष देऊ नका. कागद, चिंध्या, दिसेल ते भरा.” बहिणीचा उल्लेख मी म्हातारी असा केला होता. तो शब्द त्यानं तिला तसाच सांगितला.

त्या दुपारी ताईचे पाच फोन आले. पहिला मी घेतला आणि ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणालो. मीटिंग नव्हती. पुढचे घेतले नाहीत. टेम्पो दोन खेपांमध्ये वर्तमानपत्रांची जवळजवळ सगळी भिंत आणि चिठ्ठ्यांच्या फळीतला निम्मा माल घेऊन गेला. नंतर कळलं ते असं. ताई भर उन्हात रस्त्यावर येऊन टेम्पोला धरून उभी राहिली होती, गल्ली गोळा झाली होती, आणि टेम्पोवाल्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “तुमच्या भावानंच सांगतलं, म्हातारीचं आयकू नका.” त्यानंतर तिनं हात सोडला आणि आत जाऊन दार लावलं.

संध्याकाळी ऑफिसात चहाच्या वेळी हा किस्सा मी रंगवून सांगितला. बहिणीचं रद्दीचं गोदाम कसं एका दिवसात साफ केलं, असा. लोक हसले. हे इथं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ज्या हातानं इतरांचं कापलं त्याच हातानं स्वतःचंही वगळणं बरं दिसणार नाही.

पुढच्या दोन दिवाळ्यांना तिनं मला बोलावलं नाही. फोनवर एवढंच, “यंदा नको येजो. बरं नाई वाटून राह्यलं.” मी साडी एस.टी.च्या पार्सलनं पाठवली. सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

शेवंता भांडेवाली. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन गल्ल्यांमधून आणि आजूबाजूच्या खेड्यांवर फिरते. जुने कपडे घेते, बदल्यात भांडं देते. वय पन्नाशीचं, आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा. पुढची हकीकत मला काही तिनं सांगितली, काही ताईनं. संक्रांतीनंतरची दुपार होती. शेवंतानं ओट्यावर टोपली उतरवून पाणी मागितलं. ताई आत गेली ती बाहेर येईना. मग काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला.

“काकू? काय झालं वं?”

“काही नाई. तू जाय.”

“पाणी नाई दिलं तं जाऊ कशी? येऊ काय आत?”

“नको.”

गठ्ठ्यांची एक उतरंड ताईच्या पायावर आली होती. मोडलं काही नव्हतं, पण पाय निघत नव्हता. शेवंतानं दार ढकललं असतं तर उघडलं असतं. कडी लावलेली नव्हती. तिनं ढकललं नाही. दाराला पाठ लावून ओट्यावर बसली आणि बोलत राहिली. जावई कसा आळशी, वडनेरच्या एका बाईनं फाटका परकर देऊन पातेलं कसं मागितलं, नवऱ्याला बिडी सोडवायला आपण काय काय केलं. आतून ताई अधूनमधून ‘हूं’ म्हणत होती. दोन गिऱ्हाइकं बुडाली त्या दुपारी, असं शेवंता सांगते. ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा आतून आवाज आला.

“शेवंता... ये. पन पाहू नको.”

“नाई पाहत. डोये मिटून येते. पन पाय कुठं ठेवू थे सांगजा, नाई तं दोघीयले काढाले तिसरी बोलवा लागन!”

आणि ती खरोखर डोळे मिटून आत गेली. ताई सांगत होती, “डावा. आता उजवा. थांब, तिथं बरणी आहे.” अशी ती पोचली. ताई पायाखाली गठ्ठा आणि डोळ्यात पाणी असताना हसली... हे ताईनं स्वतः मला सांगितलं, आणि सांगतानाही हसली.

त्यानंतर आठवड्यातून दोन दुपारी शेवंता येऊ लागली. तिची पद्धत तिच्या धंद्याची होती. भांडेवाली कपडा कधी ढिगानं घेत नाही. एकेक उचलते, उजेडाकडे धरते, उलटापालटा करते, कुठं विरलाय ते पाहते, मगच बाजूला ठेवते. प्रत्येक कपड्याबद्दल दोन वाक्यं होतात. ताईला तेच हवं होतं. कोणीतरी हातात घेऊन विचारावं, हे काय आहे? आणि तिनं सांगावं. सांगून झालं की बहुतेक वस्तू तिला सोडता यायची. चिठ्ठ्यांच्या फळीतलं जे टेम्पोतून वाचलं होतं, त्याच्या चिठ्ठ्या शेवंतानं ताईकडून वाचून घेतल्या. तिला वाचता येत नाही, म्हणून ताई वाचायची आणि शेवंता गाव ऐकून सांगायची, “हे सिंधूबाई मेली वं, पन सून आहे. मी परवा तिकडंच जाऊन राह्यली.” असे कितीतरी कपडे टोपलीत बसून त्यांच्या त्यांच्या घरी गेले. दहा-बारा वर्षांपूर्वी पसंत केलेलं लुगडं दारात आलेलं पाहून एक म्हातारी शेवंताला म्हणाली, “मले वाटलं, विकलं असंन.” हे वाक्य शेवंतानं आणून दिलं त्या दिवशी ताईनं म्हणे एकदम चार गठ्ठे काढून दिले.

बदल्यात शेवंतानं भांडी द्यायला नकार दिला. “तुमच्या घरात भांडं घालू तं कपडा निंघून फायदा काय, काकू? मले च्या पाजा. अंदरच्या चुलीवरचा.” शेगडीपर्यंत पोचायला ताईला तीन आठवडे लागले. तोवर ‘च्या उधार आहे’ म्हणून शेवंता टोमणे मारायची. शेगडीवर पहिला चहा झाला तेव्हा त्यात साखर नव्हती, कारण साखरेचा डबा सापडायचा होता.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गेल्या दिवाळीत फोन आला, “भाऊबीजेले येजो. आत बसू.” मी विश्वास ठेवला नाही. बसमधून उतरताना वाटत होतं, पुन्हा ओटा, पुन्हा खुर्ची. दार पूर्ण उघडं होतं. रिकामी फरशी, धुतलेली, आणि मधोमध पाट. पाटाचा एक पाय नवा बसवलेला. कोपऱ्यात शेवंता पाय पसरून बसली होती, मला म्हणाली, “या भाऊ, डोये उघडे ठेवून या.” ताईनं तिला डोळे वटारले. मी पाटावर बसलो. माफी मागायची असं बसमध्ये ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. निरांजन तोंडासमोर आल्यावर ते वाक्य मला छापील वाटलं आणि मी ते बोललो नाही. नंतरही बोललो नाही.

जेवण झाल्यावर ताईनं पलंगाखालून सहा-सात वर्तमानपत्रं काढली. टेम्पोवाल्याच्या हातून सुटलेली तेवढीच. तिच्या घडीत घातलेली, काठाला काठ. मी म्हणालो, “एवढी वर्तमानपत्रं कशाला जपायचीस गं?” तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे मला इतकी वर्षं माहीत असायला हवं होतं.

“तुह्यं नाव तं छापत नाई कधी. मंग कोनतं पान तुह्यं, हे मले कसं समजन? म्हणून सगळेच ठेवले.”

शेवंता कोपऱ्यातून म्हणाली, “पाह्य बाप्पा.”

ताईनं ती पानं माझ्यासमोर पसरली. “आता तू आला आहे तं सांग. यातलं तुह्यं कोनतं? तेवढं ठेवते, बाकीचं शेवंताले देते.” मी पाहत राहिलो. डेस्कवरचा माणूस रोज डझनावारी बातम्यांवरून हात फिरवतो. कोणता मथळा मी दिला, कोणता शेजारच्या टेबलानं, हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही. इथं वर्षं उलटून गेली होती. ‘मला आठवत नाही,’ हे तीन शब्द पुरे होते. पण तिनं माझ्यासाठी भिंतभर कागद जपला होता आणि मी तो रद्दीत घातला होता. त्याच्यासमोर ‘आठवत नाही’ म्हणण्याची मला लाज वाटली. वेणा नदीचा पूर ओसरल्याची एक बातमी होती. मी तिच्या मथळ्यावर बोट ठेवलं. ताईनं पान उचललं, आधी वरची तारीख वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाली, आणि ते पान बाजूला ठेवलं.

ती आमची शेवटची भेट. माघ संपताना शेवंताचा फोन आला.

तेरवीनंतर मी त्या घरात एकटा बसलो. आवरायचं काही उरलंच नव्हतं. एक कपाट, पलंग, पाट, मोजकी भांडी. भिंतीवर दुकानाच्या परवान्याची जुनी काचेची चौकट होती. आत परवाना नव्हता. ते पान होतं, नेटकी घडी घालून, पुराचा मथळा आणि वरची तारीख दिसेल असं बसवलेलं. मी चष्मा लावून तारीख वाचली. भाऊजींच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशीचा तो अंक. आदल्या संध्याकाळी, ते पान तयार होत होतं तेव्हा, मी नागपुरात नव्हतोच. याच खोलीत ताईशेजारी बसलो होतो. जगात दुसऱ्या कोणाला नसेल, पण तिला ती तारीख पाहताक्षणी कळली असणार.

शेवंता झाडू घेऊन आत आली. मी चौकटीसमोर उभा होतो. म्हणाली, “काकू आल्यागेल्याले दाखवे. माह्या भावाचं, म्हणे.”

“हे माझं नाही, शेवंता.”

“हाव. मले ठावं आहे.” ती झाडत राहिली. “काकूनंच सांगतलं. मी म्हटलं, मंग लावता काऊन? तं म्हणे, लाजला थो. मले बी कोनी डोये मिटून भेटलं होतं ना...”

मी चौकट उतरवली नाही. घराची किल्ली शेवंताकडे आहे. महिन्यातून एका रविवारी जातो, ती आतल्या शेगडीवर चहा करते, आम्ही दोघं फरशीवर बसून पितो. चौकटीवर धूळ बसते; ती पुसायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. पुसताना दर वेळी तारीख वाचतो.